चपळाई कोणाची, जोखीम कोणाची?

उद्योगपतींच्या वार्षिक भाषणांत, व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत आणि आता सरकारी पत्रकांतही एक शब्द फार मानाने मिरवू लागला आहे. इंग्रजीत तो ‘अ‍ॅजाइल’ असा आहे. मराठीत त्याला कोणी ‘चपळ’ म्हणतो, कोणी ‘लवचिक’, कोणी ‘गतिमान’, तर कोणी ‘तत्पर’. उद्योग चपळ हवेत, मनुष्यबळ लवचिक हवे, प्रशासन गतिमान हवे, अशी ही मागणी आहे. शब्दाची निवडच अशी केलेली आहे की, त्याला हरकत घेणारा माणूस आपोआप सुस्त आणि कालबाह्य ठरावा. चपळतेच्या विरुद्ध कोण बोलणार? परंतु ज्या शब्दाला विरोध करणे अवघड जाते, तो शब्द कोणाच्या हितासाठी राबतो आहे, हे तपासणे अधिक निकडीचे असते. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हा शब्द उलटून पाहिला पाहिजे.

मराठी भाषेने या अर्थच्छटा नीट वेगळ्या ठेवल्या आहेत. जो स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या बळावर हालचाल करतो तो चपळ; खो-खोच्या मैदानावर पाठलाग चुकवणारा गडी चपळ असतो. कर्तव्य ओळखून जो विलंब लावत नाही तो तत्पर. ज्याला आपला लाभ चटकन कळतो तो चलाख, आणि त्या चलाखीला ‘हात’ जोडला की ती हातचलाखी होते. लवचिक मात्र वेताची छडी असते. ती आपण होऊन वाकत नाही. तिला कोणीतरी वाकवतो. चपळतेत कर्ता स्वतः हलतो, लवचिकतेत तो दुसऱ्याकडून हलवला जातो. आज जे चालले आहे ते नेमके हे आहे : नाव चपळतेचे घ्यायचे, मागायची लवचिकता, आणि या अदलाबदलीत जी चलाखी आहे ती मालकवर्गाने आपल्याकडे ठेवायची.

या शब्दाचा अलीकडचा इतिहासही उद्बोधक आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी संगणक-आज्ञावली तयार करणारे १७ तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’ कार्यपद्धतीचा एक छोटा जाहीरनामा काढला. त्यात पहिले स्थान माणसांना आणि त्यांच्या परस्परसंवादाला होते. कार्यपद्धती आणि साधने दुय्यम मानली होती. काम करणाऱ्या गटाने आपल्या कामाची रचना स्वतः करावी आणि कामाचा वेग असा असावा की तो कायम टिकवता यावा, ही तत्त्वेही त्यात होती. थोडक्यात, तो काम करणाऱ्यांच्या स्वायत्ततेचा आग्रह होता. व्यवस्थापनाने नाव तेवढे उचलले आणि स्वायत्तता गाळून टाकली. गटाने आपले काम समजून घेण्यासाठी भरवायची सकाळची छोटी सभा अनेक ठिकाणी दैनिक हजेरी आणि जाबजबाब यांचे साधन बनली. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० कर्मचारी, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. संस्था भविष्यासाठी सज्ज व्हावी म्हणून ही कपात आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. संस्थेचे भविष्य सज्ज करण्याची किंमत ज्यांचे भविष्य पुसले गेले त्यांनी मोजली.

लवचिकता हा अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांतील जुना पारिभाषिक शब्द आहे. किंमत बदलली असता मागणी किंवा पुरवठा किती प्रमाणात बदलतो, याचे ते माप आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून ही संकल्पना रूढ झाली. करभाराच्या सिद्धान्तात तिचा एक महत्त्वाचा निष्कर्ष पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवला जातो : ज्याचा व्यवहार अधिक लवचिक, तो भार टाळतो, ज्याला बाजूला सरकता येत नाही त्याच्यावर भार पडतो. शास्त्रीय अर्थाने लवचिक तो, ज्याच्याजवळ ‘नाही’ म्हणण्याची ऐपत आहे.

या कसोटीवर आजचा श्रमबाजार तपासून पाहावा. भांडवल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, एका देशातून दुसऱ्या देशात काही क्षणांत जाते. श्रमिकाजवळ शिल्लक नाही, म्हणून त्याला आजचे श्रम आजच विकावे लागतात. श्रम हा नाशवंत माल आहे आणि त्याचा विक्रेता सौद्यात दुबळा असतो, हे स्वतः मार्शल यांनीच मान्य केले होते आणि ते काही समाजवादी नव्हते. तेव्हा ज्याला ‘लवचिक मनुष्यबळ’ म्हणून गौरवले जाते, तो अर्थशास्त्राच्या भाषेत सर्वांत अलवचिक पक्ष आहे. तो वाकतो, कारण त्याला सरकता येत नाही. त्याच्या असहायतेलाच गुणाचे नाव देण्यात आले आहे.

दुसरा प्रश्न नफ्याच्या समर्थनाचा आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली मांडणी केली की, नफा हे अनिश्चितता पत्करण्याचे फळ होय. उद्योजक अनिश्चितता आपल्या शिरावर घेतो, कामगाराला ठरलेल्या वेतनाची हमी देतो आणि म्हणून उरलेल्या रकमेवर त्याचा हक्क पोहोचतो. भांडवलशाहीच्या बाजूने केलेल्या युक्तिवादांत हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. परंतु चपळतेच्या नावाखाली मागणी घटताच कामगार कमी करायचा, ग्राहक आला नाही तर वेतन द्यायचे नाही, पाऊस, अपघात आणि आजारपण यांचा भुर्दंड कामगारावर टाकायचा, असे ठरले तर अनिश्चितता कोणी पत्करली? ज्याने जोखीम घेतली नाही त्याने नफा मात्र कोणत्या नात्याने घ्यायचा? भांडवलशाहीच्या समर्थकांनी तरी आपल्याच सिद्धान्ताशी प्रामाणिक राहावे, एवढी अपेक्षा करणे गैर नाही.

मुंबईच्या कामगाराला यात नवे काहीच वाटणार नाही. १९२८ साली गिरणीमालकांनी ‘कार्यक्षमते’चे नाव घेऊन विणकऱ्याने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत असा घाट घातला. त्याविरुद्ध सुमारे दीड लाख कामगारांनी एप्रिल ते ऑक्टोबर असा प्रदीर्घ संप केला. त्या काळी शब्द कार्यक्षमता हा होता. पुढे सुसूत्रीकरण आले, मग उत्पादकता आली, मग लवचिकता, आणि आता चपळता. शब्दाचा कोट बदलत गेला, आतला देह तोच राहिला.

त्याच गिरण्यांनी ‘बदली’ कामगाराची प्रथा चालवली. सकाळचा भोंगा होण्यापूर्वी बदलीवाल्याने गिरणीच्या दारात उभे राहायचे. कोणाचा खाडा झाला तर त्या दिवसाचे काम आणि त्या दिवसाचा रोजगार, नाहीतर रिकाम्या हाताने चाळीत परत. कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी आणि त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. १९३५ मध्ये मालकसंघाने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली, तरी दारातले उभे राहणे संपले नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा वेतनवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करा ही मागणीही त्यांच्या ओठांवर होती. लवचिकतेचा पोटावरचा अर्थ त्यांना भाषांतराशिवाय कळत होता.

आज शहरांत दहा मिनिटांत किराणा पोहोचवणारा तरुण कोठारासमोर मोटारसायकल लावून हातातल्या फोनकडे पाहत बसतो. तो या बदली कामगाराचाच वारस आहे. गिरणीचे दार फोनच्या पडद्यात आले आणि जॉबरची जागा गणिती सूत्राने घेतली, एवढाच फरक. जॉबरशी निदान भांडता तरी येत असे. नीति आयोगाने जून २०२२ च्या अहवालात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचे आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे अनुमान दिले आहे. या तरुणांना ‘भागीदार’ म्हणतात. नफ्यात वाटा नसलेला, परंतु तोट्यात, इंधनात आणि अपघातात पूर्ण वाटा असलेला भागीदार अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळत नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत लवचिक श्रमिक पाहायचा असेल तर मात्र शहराकडे जाण्याचेही कारण नाही. बीड आणि मराठवाड्याच्या इतर दुष्काळी भागांतून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पहाटे फडात उतरायचे आणि गाडी केव्हाही आली तरी ती भरायची. वेळेचा हिशेब नाही. खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मासिक पाळीमुळे, दुखण्यामुळे होणारा खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. श्रमिकाचे शरीरच जेथे उत्पादनाच्या वेळापत्रकानुसार कापून घ्यावे लागते, तेथे लवचिकतेची शेवटची मर्यादा गाठलेली असते. या स्त्रियांपुढे उभे राहून मनुष्यबळाच्या लवचिकतेवर व्याख्यान देण्याचे धैर्य कोणात आहे?

आता कायद्याकडे वळावे. १९७६ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कामगारकपात, ले-ऑफ वा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे आवश्यक झाले. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० केली, आणि ती आणखी वाढवायची झाल्यास संसदेकडे न जाता नुसत्या अधिसूचनेने वाढवण्याची सोय करून ठेवली. त्याच संहितेने ठरावीक मुदतीच्या नोकरीला सर्वत्र वाट मोकळी केली आणि संपासाठी १४ दिवसांच्या पूर्वसूचनेची अट सर्व उद्योगांना लावली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या. मालकाच्या पायातील बेडी सैल करायची आणि कामगाराच्या पायात नवी घालायची, यालाच चपळता म्हणायचे काय?

कामाच्या तासांची कथा याहून वेगळी नाही. एप्रिल २०२० मध्ये महामारीचे निमित्त करून गुजरात सरकारने कारखान्यांत १२ तासांचा दिवस लागू केला आणि जादा तासांचा दुप्पट मोबदलाही काढून घेतला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचना रद्द केल्या. एप्रिल २०२३ मध्ये तामिळनाडूच्या विधानसभेत ‘लवचिक तास’ म्हणून १२ तासांच्या दिवसाला परवानगी देणारे विधेयक मंजूर झाले. कामगार संघटनांनी आणि सरकारच्या मित्रपक्षांनीही विरोध करताच काही दिवसांत ते मागे घ्यावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. कामगाराची संमती घेतली जाईल आणि जादा कामाचा मोबदला मिळेल, असे आश्वासन त्याबरोबर दिले गेले. ज्याला उद्या कामावरून कमी करता येते, त्या कंत्राटी कामगाराची संमती म्हणजे काय, हे सांगण्यासाठी पंडिताची आवश्यकता नाही.

प्रतिपक्षाचा मुख्य युक्तिवाद टाळणे योग्य होणार नाही. कडक कायदे मूठभर संघटित कामगारांचे रक्षण करतात आणि त्यामुळे इतरांना रोजगारच मिळत नाही, असे ते म्हणतात. त्याला आधार म्हणून बेस्ली आणि बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांचा २००४ चा अभ्यास पुढे केला जातो. कामगारांना अनुकूल दुरुस्त्या करणाऱ्या राज्यांत संघटित उद्योगाचे उत्पादन आणि रोजगार मागे पडले, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु राज्यांचे वर्गीकरणच त्यात सदोष होते, हे आदित्य भट्टाचार्जी यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. गुजरातसारखे राज्य एका किरकोळ दुरुस्तीच्या जोरावर त्यात कामगारधार्जिणे ठरले होते. व्यवहारातील अनुभव तर अधिकच बोलका आहे. संघटित कारखान्यांतील कामगारांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण या शतकाच्या आरंभी सुमारे एक पंचमांश होते. आज ते दोन पंचमांशांच्या घरात आहे. म्हणजे कायदा पुस्तकात कडक असतानाही कारखाना व्यवहारात लवचिक होतच होता. आणि देशातील दहांपैकी जवळजवळ नऊ श्रमिकांना तर कोणत्याही परवानगीशिवाय आजच काढता येते. लवचिकतेने रोजगार आणि समृद्धी येत असती, तर असंगठित क्षेत्र हे भारताचे नंदनवन झाले असते.

डेन्मार्कचे उदाहरणही फार उत्साहाने दिले जाते. तेथे मालकाला कामगार कमी करणे सोपे आहे, हे खरे. परंतु तेथे बेकारी विम्याच्या सभासदाला कमाल मर्यादेच्या अधीन राहून मागील वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळतो, आणि नव्या कामाचे प्रशिक्षणही मिळते. आपल्याकडे राज्य कामगार विमा योजनेतील कामगाराला नोकरी गेल्यावर सरासरी वेतनाच्या ५० टक्के साहाय्य, तेही ९० दिवसांपर्यंत मिळते; असंगठितांना तेवढेही नाही. डेन्मार्कची लवचिकता आणायची आणि तिची हमी कोपनहेगनलाच ठेवायची, हा शुद्ध फसवणुकीचा व्यवहार आहे.

यावर समाजवाद्यांचे उत्तर काय? प्रत्येक काम आजन्म एकाच जागी, एकाच मालकाकडे असावे, असे कोणी म्हणत नाही. काही कामे स्वभावतःच अनियमित असतात. बाजारात माल आला तर हमालाला काम, नाही आला तर नाही. महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर १९६९ सालीच दिले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींच्या लढ्यातून त्या वर्षी माथाडी कायदा झाला. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने याच दिशेने हमालांना संघटित केले. या कायद्यात कामगार आणि मालक या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, औषधोपचार यांची तरतूद करते. कामगार आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे काम करतो, परंतु त्याचा हक्क तुटत नाही. काम हलते, सुरक्षितता स्थिर राहते. याहून चपळ व्यवस्था कोणत्या व्यवस्थापनगुरूने सुचवली आहे?

हेच तत्त्व फोनवरच्या कामगारांना लावता येते. प्रत्येक व्यवहाराची नोंद तेथे आपोआप होते. लेव्ही वसूल करणे बाजारसमितीच्या आवारापेक्षा कितीतरी सोपे आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या दिशेने कायदे केले. ज्या राज्याने माथाडी कायदा देशाला दिला, त्याने मागे राहावे हे लाजिरवाणे आहे. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या कामगाराला साधारणपणे २५ टक्के जादा वेतन द्यावे लागते, कारण त्याला पगारी रजा आणि स्थैर्य मिळत नाही. ज्याला लवचिकता हवी त्याने तिची किंमत मोजावी, हे साधे बाजारी तत्त्व आहे. बाजाराचे भक्त नेमके येथेच बाजार का विसरतात?

सरकारला चपळता दाखवण्याची हौस असेल तर तिलाही जागा आहे. मुंबईतील बंद गिरण्यांच्या जमिनींचे नियम २००१ मध्ये मालकांच्या सोयीने बदलण्यात आले आणि त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. त्याच गिरण्यांच्या कामगारांना घरे देण्यासाठी अर्ज घेतले गेले, सोडती निघाल्या. अर्जदारांपैकी बहुसंख्य कामगार आणि वारस अजूनही वाट पाहत आहेत. जमिनीच्या बाबतीत विजेसारखे चमकणारे सरकार घराच्या बाबतीत गोगलगाय होते. किमान वेतनाची तपासणी, थकीत देण्यांची वसुली, अपघाताची भरपाई या कामांत तत्परता दाखवा, मग गतिमानतेच्या जाहिराती करा.

मल्लखांबावर उलटापालटा होणाऱ्या खेळाडूची चपळाई पाहून सारे थक्क होतात. परंतु तो खांब जमिनीत खोल रोवलेला असतो, म्हणूनच ती कसरत शक्य होते. खांबच हलता ठेवला तर खेळाडू मरेल. निश्चित वेतन, कामाच्या तासांची मर्यादा, आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद, संघटनेचा हक्क हा श्रमिकाच्या जीवनातील खांब आहे. तो उखडून चपळता मागणारे लोक श्रमिकाचे हित पाहत नाहीत आणि उद्योगाचेही नाही. कारण उद्याची शाश्वती नसलेला माणूस नवे कौशल्य शिकत नाही, नवे धाडस करत नाही, तो केवळ आजचा दिवस ढकलतो.

म्हणून कारखान्याच्या दारात, सभेत किंवा सरकारी बैठकीत चपळता आणि लवचिकता हे शब्द कानी पडतील, तेथे कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. हालचाल करायची की नाही, हे कोण ठरवणार? ती चुकली तर तोटा कोण सोसणार? आणि तिची किंमत कोण मोजणार? तिन्ही प्रश्नांची उत्तरे जेथे श्रमिकाच्या बाजूने येतील, तेथे चपळतेचे स्वागत करावे. पहिल्याचे उत्तर ‘मालक’ आणि उरलेल्या दोहोंचे ‘कामगार’ असे येत असेल, तर ती सरळसरळ वेठ आहे. तिला तिच्या जुन्याच नावाने हाक मारणे आणि तिच्याविरुद्ध माथाडी कायद्याच्या धर्तीवरील मंडळांची मागणी गावोगाव उभी करणे, हे आजचे काम आहे.